सातला सातच लिहावे

पुणे–नगर रस्त्यावरची वाघोली एके काळी वाघेश्वराचे देऊळ, पिलाजी जाधवरावांचे गाव आणि दगडाच्या खाणी यांमुळे ओळखली जात असे. २०२१ साली हे गाव पुणे महापालिकेत आले, पण त्याच्या कितीतरी आधीच शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. या इमारतींत आणि त्यांच्यामागे उरलेल्या जुन्या वाड्यांत आज अशी अनेक घरे आहेत की जिथल्या भिंतीवर दोन घड्याळे असतात. एक इथल्या वेळेचे, दुसरे मुलाच्या किंवा मुलीच्या देशातले. घरातील वडीलधारी माणसे वर्षाआड तिकडे जातात, चार-सहा महिने राहतात आणि परत येतात. परत येण्याचा दिवस जवळ आला की प्रत्येक घरात एकच प्रश्न निघतो : आता परत कशाला?

वाघोलीतील एका किराणा व्यापाऱ्यापुढे हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात उभा राहिला. वय बहात्तर. दुकान पुतण्याच्या स्वाधीन केलेले, पत्नीला जाऊन दीड वर्ष झालेले. मुलगी कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ. वाघोलीच्या घरात एकदा पहाटे ते चक्कर येऊन पडले होते आणि दूधवाला येईपर्यंत तसेच पडून राहिले होते. ही बातमी मुलीला कळली त्या दिवसापासून तिची झोप उडाली. घर विकावे आणि बाबांनी कायमचे आपल्याकडे राहावे, असे तिने ठरवून टाकले होते. तिचे चुकत होते असे कोणीही म्हणणार नाही. रविवारी मिल्पिटासच्या जैन भवनात चार ओळखी होत होत्या, घरात उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण सांभाळले जात होते. उणे असे काहीच नव्हते. तरीही आजोबा दिवसाचे चार-पाच तास खिडकीशी बसून रस्ता पाहत, आणि त्या रस्त्यावरून कोणीही चालत जात नसे.

चौदा वर्षांचा नातू मितभाषी. शाळेला सुट्टी लागलेली. त्याच्या खोलीत एक पिशवी होती आणि तीत वीसेक रंगीत चकत्या. आजोबांना त्या प्रथम जेवणाच्या ताटल्या वाटल्या. एका सकाळी नातवाचा नेहमीचा सोबती गावाला गेला होता, म्हणून त्याने सहज विचारले, ‘‘आजोबा, येता का? चालायचेच आहे.’’ मुलगी म्हणाली, टेकडी आहे, गुडघे दुखतील. हे ऐकून आजोबा उठले आणि बूट घालू लागले.

ते निघाले सांताक्रूझला. सॅन होजेहून समुद्राकडे जाणारा हा रस्ता डोंगरातून वळणे घेत उतरतो. खंडाळ्याचा घाट पाहिलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. वाटेत नातवाने खेळ समजावून सांगितला. हा चकतीचा गोल्फ. गोल्फमध्ये चेंडू काठीने मारतात, इथे चकती हाताने फेकतात. गोल्फमध्ये जमिनीत खळगा असतो, इथे खांबावर लोखंडी टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या. ठरलेल्या ओट्यावरून पहिली फेक करायची, चकती जिथे पडेल तिथून दुसरी, आणि अशा रीतीने टोपलीपर्यंत पोहोचायचे. ज्याच्या फेकी कमी, तो जिंकला. इतकाच खेळ.

या खेळाचा इतिहास घरगुती आहे आणि म्हणूनच सांगण्याजोगा आहे. १९३७ साली फ्रेड मॉरिसन नावाचा कॅलिफोर्नियातला तरुण आणि त्याची भावी पत्नी लू हे पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण एकमेकांकडे फेकत खेळत होते. पुढे त्यांनी केक भाजण्याचा पत्र्याचा थाळा घेतला. सांता मोनिकाच्या किनाऱ्यावर त्यांचा खेळ पाहून एका माणसाने पाच सेंटचा तो थाळा पंचवीस सेंटला मागितला आणि मॉरिसनला व्यवसाय सापडला. १९५५ साली त्याने प्लास्टिकची चकती तयार केली. व्हॅम-ओ या कंपनीने ती १९५७ साली बाजारात आणली आणि तिलाच पुढे फ्रिस्बी हे नाव मिळाले. याच कंपनीतील एड हेड्रिक याने चकतीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कंगोरे आणले, त्यामुळे ती हवेत स्थिर राहू लागली. त्यानेच १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात चकती-गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले, साखळ्यांच्या टोपलीची कल्पना काढली आणि १९७६ साली खेळाडूंची संघटना स्थापन केली. २००२ साली सांताक्रूझजवळच्या आपल्या घरी त्याचे निधन झाले. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तिच्या चकत्या करण्यात आल्या. आज जगभर दहा हजारांहून अधिक ठिकाणी हा खेळ चालतो. फिनलंडसारख्या थंड देशात तर तो घरोघरचा झाला आहे.

सांताक्रूझचे डेलाव्हिएगा मैदान १९८४ सालचे. मैदान हा शब्द सवयीचा म्हणून वापरायचा. प्रत्यक्षात ती ओकच्या झाडांनी भरलेली टेकडी आहे. मध्ये घळी, कोरडे ओढे, एकीकडे चढ तर दुसरीकडे घसरण. सपाट जागा शोधून काढावी लागते. वाघोलीच्या आजोबांनी मान वर करून पहिली टोपली पाहिली आणि त्यांना वाटले, हातात एवढी मोठी चकती आहे आणि टोपली फार लांब नाही. अवघड काय आहे?

पहिली चकती दहा पावलांवर उभी कोसळली. दुसरी डावीकडे झाडीत गेली. तिसरी वर चढली, क्षणभर हवेत थबकली आणि आली तशीच मागे परतली. नातू हसला नाही. त्याने शांतपणे समजावले. उजव्या हाताने छातीपासून बाहेर फेकलेली चकती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. फिरण्याची गती आणि पुढे जाण्याचा वेग ही दोन्ही असेपर्यंत ती सरळ जाते. वेग मंदावला की डावीकडे कलते आणि उतरते. चढावर वेग लवकर संपतो, म्हणून ती लवकर डावीकडे वळते. माणूस चढ पाहून चकतीचे तोंड वर करतो, तिथे तर ती हवेतच अडते. उतारावर याच्या उलट घडते. जमीन खाली खाली जात राहते, त्यामुळे चकती बराच काळ हवेत तरंगते, वाऱ्याला सापडते आणि भलतीकडे जाते. म्हणून चढावर नेम थोडा उजवीकडे धरावा, तोंड वर न करता हात टेकडीच्या उताराला समांतर ठेवावा. आणि उतारावर जोर आवरावा.

आजोबांनी हे सर्व ऐकून घेतले आणि खिशातली छोटी डायरी काढून पहिल्या टोपलीपुढे आपल्या फेकींचा आकडा लिहिला : नऊ. नातू मोबाइलवर नोंद ठेवत होता. पण पन्नास वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वहीवर हिशेब सोडण्याची सवय नसते.

टेकडीवरचा हा खेळ सपाटीवरच्या खेळाहून आणखी एका बाबतीत निराळा आहे. टोपली उताराच्या काठावर असली तर जवळची फेकही घातक ठरते. चुकलेली चकती काठावर उभी पडली की चाकासारखी गडगडत खाली जाते, आणि पाच पावलांवरून टोपलीत टाकायची ती पन्नास पावलांवरून टाकावी लागते. चौथ्या टोपलीपाशी आजोबांचे असेच झाले. खाली जाऊन ते परत वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. नातवाने पाण्याची बाटली पुढे केली. ते एका ओंडक्यावर बसले, डब्यातले खाकरे निघाले आणि पुढच्या टोपलीकडे जाण्यापूर्वी आजोबा म्हणाले, ‘‘चल, आतापर्यंतचा मेळ घालू.’’

मेळ बसेना. डायरीत एकोणतीस, मोबाइलवर सत्तावीस. एकेक टोपली तपासली. दुसऱ्या टोपलीला डायरीत सात होते, मोबाइलवर सहा. चौथ्याला डायरीत आठ, मोबाइलवर सात. नातवाची मान खाली गेली. तो म्हणाला, ‘‘तुम्ही पहिल्यांदाच खेळताय. मला वाटले, थोडे कमी लिहावे.’’

या खेळात पंच नसतो. नित्याच्या खेळात आपला आकडा आपणच सांगायचा आणि इतरांनी तो मानायचा, अशी रीत आहे. ज्याची चकती टोपलीपासून सर्वांत दूर, त्याने आधी फेकायचे. तो फेकत असता इतरांनी हालचाल करायची नाही. आणि हरवलेली चकती तीन मिनिटांत सापडली नाही तर एका फेकीचा दंड आपण होऊन घ्यायचा. सारा खेळ एकमेकांच्या शब्दावर चालतो. आजोबांना हे नियम तासाभरापूर्वीच कळले होते, पण त्यांचा अर्थ कळायला त्यांना वेळ लागला नव्हता.

ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘दुकानात एखादी म्हातारी बाई यायची, तिला मूठभर दाणे जास्त द्यावेसे वाटायचे. पण ते काट्यावर घालायचे नसतात. आधी काटा बरोबर करायचा, वजन सांगायचे आणि मग वरून मूठ घालायची. म्हणजे तिलाही कळते की वजन किती आणि माया किती. काटाच खोटा केला तर दोन्ही गेले.’’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘सातला सातच लिही. मला सात लागले, हे मलाही ठाऊक असू दे.’’

नातवाने दोन्ही आकडे दुरुस्त केले. त्यानंतर तो बोलू लागला. का ते सांगणे कठीण आहे. कदाचित खोटे आकडे सांभाळण्याचा भार उतरला असेल. शाळेतल्या गोष्टी, एका मित्राशी तुटलेले बोलणे, गणिताच्या शिक्षकांची नक्कल, असे बरेच काही दोन टोपल्यांमध्ये निघाले. वाटेत एके ठिकाणी त्याची आवडती निळी चकती घळीत गेली. आजोबा झुडपात शिरू लागले तसा त्याने त्यांचा हात धरला. तिथे तीन-तीन पानांच्या झुपक्यांची विषारी ओकची झुडपे होती. त्यांचा स्पर्श झाला की अंगावर फोड येतात. बाहेरूनच शोधत तीन मिनिटे झाली. नातवाने घड्याळ पाहिले, स्वतःच्या नावापुढे एक दंड लिहिला आणि दुसरी चकती काढली.

सातव्या टोपलीची वाट एका मोठ्या ओकला वळसा घालून उजवीकडे जात होती. झाडाच्या फांद्या खाली आलेल्या. आजोबांनी चकती हातात फिरवली आणि शिकवलेली रीत सोडून ती मनगट मागे नेऊन, कमरेच्या उंचीवरून, बाजूने सोडली. चकती फांद्यांखालून सपाट गेली, उजवीकडे वळली, जमिनीला टेकून एक उडी घेतली आणि टोपलीच्या जवळ जाऊन थांबली. नातू पाहतच राहिला. या फेकीला तो दोन वर्षे सराव करत होता. ‘‘हे कुठे शिकलात?’’

शिकण्याचा प्रश्नच नव्हता. वाघेश्वराच्या देवळाजवळच्या तळ्यावर लहानपणी काळ्या दगडाची चपटी ठिकरी पाण्यावर अशीच सोडत. हाताने नव्हे, मनगटाने. पाच उड्या म्हणजे बरी, सात म्हणजे उत्तम. साठ वर्षांत हात ते विसरला नव्हता. या रीतीने फेकलेली चकती उलट दिशेने फिरते आणि शेवटी उजवीकडे कलते, हे शास्त्र नातवाने सांगितले. आजोबांना ते पाण्यावरून ठाऊक होते. तिथे त्यांना चार फेकी लागल्या. दोन्ही वह्यांत चारच लिहिले गेले.

सगळ्या टोपल्या खेळणे गुडघ्यांना झेपणारे नव्हते. नऊ झाल्यावर त्यांनी खेळ थांबवला आणि सावकाश चालत सत्ताविसाव्या ओट्यावर गेले. या जागेला खेळाडू ‘जगाचा माथा’ म्हणतात. समोर टेकडी एकदम खाली उतरते, पलीकडे सांताक्रूझ शहर पसरलेले आणि त्याच्याही पलीकडे मॉन्टेरेच्या उपसागराचे निळे पाणी. टोपली दीडशे मीटरहून लांब, पुष्कळ खाली. आजोबांनी जोर न लावता चकती सोडली. ती गेली आणि जात राहिली. इतका वेळ आपल्या हातची वस्तू हवेत राहिलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. टोपलीच्या डावीकडे बऱ्याच अंतरावर ती पडली, पण त्याचे कोणाला काही वाटले नाही.

तिथेच नातवाने विचारले, ‘‘आई म्हणते, तुम्ही आता इथेच राहणार. तुम्हाला राहायचे आहे का?’’

आजोबा काही वेळ पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘तुझी आईही माझ्या नावावर दोन कमी लिहिते आहे. प्रेमानेच लिहिते. पण मेळ बसत नाही.’’

पायऱ्या उतरताना मात्र ते गप्प होते. नातवाला वाटले, गुडघे दुखत असतील. दुखत होतेच, पण मनात निराळा हिशेब चालला होता. मुलीला एकदा पडल्याचे ठाऊक होते. वस्तुतः ते दोनदा पडले होते. दुसरी वेळ निघण्याच्या महिनाभर आधीची, दुकानाच्या मागल्या खोलीतली. पुतण्याला शपथ घालून ती गोष्ट त्यांनी दाबून ठेवली होती. ज्या माणसाने सकाळी ओंडक्यावर बसून काट्याची गोष्ट सांगितली, त्याच्याच खात्यात एक आकडा लपवलेला होता. नातवाचा आकडा मायेचा होता. त्यांचा भीतीचा होता. काटा मात्र दोन्हीकडे सारखाच खोटा.

त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सारे जेवायला बसले. नातवाने आईला सातव्या टोपलीची हकीकत दोनदा सांगितली. आवराआवर झाल्यावर आजोबांनी मुलीला जवळ बसवले आणि आधी दुसऱ्यांदा पडल्याचे सांगितले. ती रडली, रागावली, पुतण्याला फोन लावायला निघाली. ते थांबले. तिचे सगळे बोलून होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, ‘‘आता माझा आकडा पूर्ण तुझ्यापुढे आहे. तो धरून सांगतो, मला घरी जायचे आहे. कसे जायचे ते आपण दोघे मिळून ठरवू.’’

त्या रात्री काही ठरले नाही. ठरायला तीन आठवडे लागले आणि त्यात दोन वेळा अबोला झाला. चक्कर का येते याची तपासणी आधी होईल, वरच्या मजल्यावरची झोपण्याची खोली तळमजल्यावर येईल, वरच्या खोल्यांत एक विद्यार्थी भाडेकरू ठेवला जाईल, रोज सकाळी सातला फोन होईल आणि एकदाही पडणे झाले तर ते त्याच दिवशी सांगितले जाईल, अशी कलमे पडली. घर विकायचे नाही, पण दर उन्हाळ्यात चार महिने यायचे, हेही ठरले. मुलीला हवे होते ते सारे मिळाले नाही, आजोबांनाही नाही. पण दोघांच्या वह्यांत एकच आकडा होता आणि त्यामुळे भांडणही एकाच गोष्टीवर होऊ शकले.

वडीलधाऱ्यांनी नातवंडांसोबत असा खेळ खेळावा का, असे कोणी विचारील. जरूर खेळावा, मात्र काही पथ्ये पाळून. टेकडीवर पकड असलेले बूट हवेत. चढापेक्षा उतार गुडघ्यांना अधिक त्रास देतो, म्हणून उतरताना घाई नको आणि हातात काठी असली तर उत्तम. पाणी सोबत हवे. पहिल्या दिवशी जड आणि तीक्ष्ण काठाच्या वेगवान चकत्यांच्या मागे लागू नये. जवळच्या फेकीसाठी असते ती हलकी, बोथट काठाची एक चकती पुरते. चक्कर, छातीत दुखणे किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि सगळ्या टोपल्या पूर्ण केल्याच पाहिजेत असा हट्ट धरू नये.

सप्टेंबरात आजोबा वाघोलीला परतले. सामानात नातवाने दिलेली एक पिवळी चकती होती. अंगणातल्या कडुलिंबाला दुकानातली जुनी वेताची पाटी टांगली गेली, आणि तीस पावलांवर चुन्याने एक रेघ ओढली गेली. संध्याकाळी शेजारची चार-पाच मुले जमतात. नेम चुकतो, चकती कुंपणापलीकडे जाते, पुन्हा आणली जाते. खेळ संपला की आजोबा डायरी काढतात आणि प्रत्येकाला त्याचा आकडा विचारतात. परवा एका लहानग्याने बोटे मोजली, थोडा घुटमळला आणि ‘पाच’ म्हणाला. मग रेघेकडे परत एकदा पाहून म्हणाला, ‘‘नाही आजोबा, सहा.’’

आजोबांनी सहा लिहिले आणि त्याच्या हातावर वरून मूठभर शेंगदाणे ठेवले.